तुऱ्यातली मोजणी

प्रश्न : आमची सव्वादोन एकर शेती आहे आणि सगळ्या रानात को ८६०३२ आहे. धाकटी मुलगी नववीत शिकते. विज्ञान दिनाला तिनं जानकी अम्माल यांच्यावर भाषण केलं. त्यात ‘भारताचा ऊस गोड करणाऱ्या शास्त्रज्ञ’ असं एक वाक्य होतं. तिचे आजोबा ऐकायला गेले होते. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, ‘म्हणजे आपला ऊस त्या बाईंनी काढला का?’ कुणालाच सांगता आलं नाही. त्या गुणसूत्रं मोजायच्या, असंही मुलीनं सांगितलं. ती मोजतात कशी? आणि मोजून उसाला मिळतं काय?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : आजोबांना आधी उत्तर देते. नाही, को ८६०३२ हा वाण जानकी अम्माल यांनी काढलेला नाही. त्याच्या नावातच त्याचा जन्मदाखला आहे. ‘को’ म्हणजे तमिळनाडूतलं कोइमतूर, तिथे ऊस पैदास संस्था आहे. ८६ म्हणजे १९८६ हे निवडीचं वर्ष आणि ०३२ हा त्या वर्षीच्या निवडीतला अनुक्रमांक. त्याचे आईबाप को ६२१९८ आणि को सी ६७१. यातला ६७१ आजोबांनी कधी काळी स्वतःच्या रानात लावलाही असेल. नावात ‘को एम’ असलं, तर निवड महाराष्ट्रात झाली असं समजायचं. आपल्याकडे ज्याला नुसतं ‘२६५’ म्हणतात, तो को एम ०२६५ पाडेगावच्या केंद्रातून आला. जानकी अम्माल ७ फेब्रुवारी १९८४ रोजी वारल्या, म्हणजे ८६०३२ ची निवड व्हायच्या दोन वर्षं आधी.

आता ‘ऊस गोड केला’ या वाक्याविषयी. ते अनेक ठिकाणी छापलेलं असतं, त्यामुळे मुलीचा त्यात दोष नाही. पण ते बरोबर नाही, आणि का बरोबर नाही हे कळलं की या बाईंचं खरं काम डोळ्यांसमोर येतं.

जाड, रसाळ, मऊ सालीचा ऊस ही एक जात. तिला शास्त्रज्ञ ‘नोबल’ ऊस म्हणतात. गोडीला उत्तम, पण प्रकृतीनं नाजूक. रोग आला की कोलमडतो, पाण्याचा ताण सोसत नाही. दुसरीकडे, ओढ्याकाठी आणि नदीच्या वाळूत आपोआप वाढणारं काशाचं गवत. पावसाळा सरताना त्याला पांढरेशुभ्र तुरे येतात. हे काश उसाचं सख्खं भावंड आहे. चोथ्यासारखं कोरडं, गोडी नावालाच, पण मरता मरत नाही. कोइमतूरला १९१२ मध्ये चार्ल्स बार्बर यांनी ऊस पैदास केंद्र सुरू केलं. तिथे ‘वेल्लई’ नावाच्या नोबल उसाचा आणि स्थानिक काशाचा संकर झाला. त्यातून को २०५ हा वाण १९१८ मध्ये लागवडीसाठी बाहेर पडला. बार्बर यांच्यानंतर टी. एस. वेंकटरामन यांनी हे काम वाढवलं. तेव्हा जानकी अम्माल मद्रासला शिकत होत्या. कोइमतूरच्या संस्थेत त्या आल्या १९३४ साली, को २०५ नंतर सोळा वर्षांनी.

शिवाय काशाशी संकर केल्यानं ऊस गोड होत नाही, उलट गोडी उतरते. काशाकडून मिळतो तो काटकपणा, फुटवे धरण्याची ताकद आणि खोडवा टिकवण्याचा गुण. उतरलेली गोडी परत आणण्यासाठी त्या संकराचा पुन्हा पुन्हा नोबल उसाशी संकर करावा लागतो. आज तुमच्या रानातल्या उसात दहा ते वीस टक्के वाटा काशाचा आहे, बाकी बहुतेक नोबल उसाचा. हे टक्के ठरवणारी परीक्षणं फार पुढची आहेत. पण उसाच्या पोटात कुणाचा किती वाटा, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसलेल्या पहिल्या पिढीत जानकी अम्माल होत्या.

त्यांचं पूर्ण नाव एडवलेत कक्कट जानकी अम्माल. ‘अम्माल’ हे आडनाव नाही. बाईमाणसाच्या नावामागे आदरानं लावायचा तो शब्द आहे, आपल्याकडच्या ‘बाई’सारखा. तेव्हा मुलीनं ‘जानकीबाई’ म्हटलं तरी चालेल, मीही इथून पुढे तसंच म्हणते. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळात तलश्शेरीला झाला. वडील न्यायखात्यात होते आणि त्यांना बागेचं, पक्ष्यांचं मनापासून वेड होतं. कुटुंब तिय्या समाजातलं, त्या काळच्या उतरंडीत खालचं मानलं गेलेलं. घर भावंडांनी भरलेलं. बहिणी एकेक करून सासरी गेल्या, जानकीबाईंनी लग्न केलं नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात आणि मग प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकून त्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागल्या. आशियातल्या मुलींसाठी मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती होती, ती मिळवून १९२४ मध्ये अमेरिकेला गेल्या. (हा बार्बर वेगळा, कोइमतूरचा नव्हे.) १९३१ साली त्या तिथून डॉक्टर ऑफ सायन्स झाल्या.

१९३१ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोन तरुणींनी मक्याच्या पेशींतून सिद्ध केलं की जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि त्यासोबत गुणांचीही अदलाबदल होते. झाडांच्या गुणसूत्रांचं शास्त्र तेव्हा नवंनवं होतं, आणि त्याच्या पायाभरणीत बायका पहिल्या रांगेत होत्या. हे आपल्या शाळांत फारसं सांगितलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता गुणसूत्रांकडे येऊ. मूळ, पान, फूल असं सगळं झाड पेशींचं बनलेलं असतं. पेशी दोन होऊ लागली की तिच्या केंद्रकातला पसारा आखडून जाड दोऱ्यांसारखे तुकडे दिसू लागतात. विल्हेल्म होफमायस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८४८ च्या सुमारास फुलाच्या पेशींत असले तुकडे पाहून त्यांची चित्रं काढली होती. पण ते काय आहेत, हे त्याला उमगायचं साधन नव्हतं. रंग दिला की हे दोरे गडद रंगतात, म्हणून १८८८ मध्ये त्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव मिळालं. त्याचा शब्दशः अर्थ ‘रंगणारी वस्तू’. आपण मराठीत ‘गुणसूत्र’ म्हणतो. माझ्या मते आपला शब्द जास्त चांगला आहे, कारण त्यात काम सांगितलेलं आहे. आईबापांचे गुण या सूत्रांवरून पोरांत उतरतात.

बहुतेक जातींत यांची संख्या ठरलेली असते. कांद्यात १६, ज्वारीत २०, मक्यात २०, भातात २४. आणि आता गंमत बघा. आपल्या खपली गव्हात २८, तर रोजच्या चपातीच्या गव्हात ४२. दोन्ही आकड्यांना ७ नं भाग जातो. गव्हाच्या कुळाचा मूळ संच सातांचा. खपलीत असे चार संच आहेत आणि चपातीच्या गव्हात सहा. म्हणजे कधी काळी या गवतांचे एकमेकांशी संकर झाले आणि संचांवर संच साठत गेले. कुणी लिहून ठेवलेला इतिहास नाही, पण आकड्यांतून तो वाचता येतो. केळ्याचा मूळ संच ११. रानकेळीत २२ गुणसूत्रं असतात आणि तिच्या फळात टणक बिया असतात. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत ३३. तीन संच असले की जोड्या जुळत नाहीत आणि जोड्या जुळल्या नाहीत की बी धरत नाही. म्हणून आपलं केळं बिनबियांचं.

इथेच उसाला मोजून काय मिळतं याची किल्ली आहे. नोबल उसात ८० गुणसूत्रं. काशाच्या गवतात मात्र ठिकाणागणिक वेगळी, ४० पासून १२८ पर्यंत. कोइमतूरच्या स्थानिक काशात ६४ आहेत. एरवी पोरात आईची निम्मी आणि बापाची निम्मी यायला हवीत, म्हणजे ४० आणि ३२ मिळून ७२. पण को २०५ मध्ये ११२ सापडतात! बापाकडून ३२ बरोबर आली आणि आईनं निम्मी न देता आपली सगळीच्या सगळी ८० दिली. नोबल ऊस काशाशी संकर होताना असा वागतो, हे ब्रेमर या डच शास्त्रज्ञानं जावा बेटावर १९२० च्या दशकात दाखवून दिलं होतं. पैदास करणाऱ्याला ही माहिती सोन्यासारखी आहे. आई कुणाला करायचं आणि बाप कुणाला, यावर पोराचा कस ठरतो, आणि संकर खरोखर झाला की आईनंच आपल्या पोटी आपलंच पोर काढलं, हेही मोजणीतून कळतं.

जानकीबाईंनी कोइमतूरला हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. ठिकठिकाणचं काश गोळा करून त्याची गुणसूत्रं मोजली, ती कुठे किती आढळतात हे ताडून पाहिलं आणि काशाचं मूळ घर भारतात असल्याचं मांडलं. उसाचे दूरदूरच्या नातलगांशी संकर केले, इतर गवतांशी केले, चक्क मक्याशीही केला. ऊस आणि मका यांच्या संकराचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. वेंकटरामन यांनी उसाचा ज्वारीशी आणि बांबूशी संकर करण्याचे प्रयोग केले होते. त्यातल्या ऊस-बांबू रोपांची गुणसूत्रंही जानकीबाईंनी तपासली. या दूरच्या संकरांतून शेतकऱ्याच्या रानात लावण्याजोगा वाण लगेच निघाला नाही. पण कोणत्या गवताशी उसाचं नातं किती जवळचं, याचा नकाशा त्यातून तयार झाला. सर सी. व्ही. रामन यांनी बंगळुरात स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीनं १९३५ मध्ये त्यांना फेलो म्हणून निवडलं.

ही मोजणी कशी करत असतील, याचा मी नेहमी विचार करते, कारण मी स्वतः कॉलेजात तीस वर्षं मुलांकडून कांद्याची १६ मोजून घेतली आहेत आणि तीसुद्धा धड मोजून होत नसत. उसाची शंभरावर, आणि अगदी बारीक. त्यासाठी तुरा लागतो. तुम्हाला रानात तुरा आला की काळजी वाटते. वाढ थांबली, आता तोड लांबली तर उतारा घसरणार. पैदास करणारा मात्र तुऱ्याचीच वाट बघतो, कारण आपण टिपरी लावून ऊस वाढवतो तेव्हा नवा वाण जन्मत नाही, तोच ऊस पुन्हा उगवतो. नवा वाण फुलातूनच येणार. कोइमतूरच्या हवेत उसाला भरपूर तुरे येतात, म्हणून तर ही संस्था तिथे आहे.

मोजणारीला तुरा आणखी आधी, पोंग्यातून बाहेर पडायच्या आत हवा. त्यातल्या कोवळ्या परागकोशात पराग बनवणाऱ्या पेशी विभागत असतात. त्या अचूक वेळी पकडायच्या, अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात थिजवायच्या, काचपट्टीवर फोडून रंग द्यायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवून दाबायचं. दाब कमी पडला तर गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली राहतात, जास्त झाला तर पेशी फुटून ती इकडेतिकडे पळतात. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा नावाचं लोलकाचं साधन लावून दिसेल ते हातानं कागदावर उतरवायचं. एका पेशीवर कुणी विश्वास ठेवत नाही, अनेक पेशींत तोच आकडा यावा लागतो. पराग बनताना गुणसूत्रं जोड्या लावतात, तेही बघायचं. कोण कुणाशी जोडी लावतं, कोण एकटं मागे राहतं. जोडी जमली तर नातं आहे. एकटी पडलेली परकी. मला यात जुन्या लग्नघरातल्या नातेवाइकांची आठवण होते, कोण कुणाजवळ बसलं यावरून घराण्याचं सगळं कळायचं.

आणि टिपरीचा एक उपकार इथे सांगायला हवा. ११२ असले विचित्र आकडे घेऊन जगणारं झाड बियांवर अवलंबून असतं तर अडचणीत आलं असतं. ऊस कांडीच्या डोळ्यातून उगवतो, त्यामुळे त्याला जोड्या जुळवत बसण्याची सक्ती नाही. चांगला निघाला की बेणं तोडून लावायचा.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये जानकीबाई आनुवंशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला गेल्या आणि महायुद्ध पेटलं. त्या तिकडेच राहिल्या. लंडनजवळ मर्टनला जॉन इन्स संस्थेत सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर काम धरलं. लंडनवर बाँब पडायचे तेव्हा त्या पलंगाखाली शिरायच्या आणि सकाळी फडताळांवरच्या काचा झाडून पुन्हा कामाला लागायच्या, ही आठवण त्यांनी नातलगांना सांगितलेली आहे. त्या काळातून १९४५ मध्ये एक ग्रंथ उभा राहिला, ‘क्रोमोसोम ॲटलस ऑफ कल्टिव्हेटेड प्लांट्स’. लेखक दोन, डार्लिंग्टन आणि जानकी अम्माल. माणूस लावतो, खातो, विणतो, सजवतो अशा हजारो झाडांची गुणसूत्रं किती आणि झाडं मूळची कुठली, याची ती मांडणी. वाण काढणारा कुणीही कामाला बसायच्या आधी अशी वही हाताशी ठेवणार. एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. हा ग्रंथ छापला गेला तेव्हा माणसाची गुणसूत्रं ४८ समजली जात. ती ४६ आहेत हे १९५६ मध्ये पक्कं झालं. माणसाला स्वतःची मोजता येईपर्यंत त्याच्या ताटातल्या धान्याची मोजून झाली होती!

युद्धानंतर त्या विस्लीच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत पेशीशास्त्रज्ञ म्हणून होत्या. तिथे मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन हे द्रव्य लावून त्यांनी गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली. त्या रोपांतून वाढलेली झाडं विस्लीच्या टेकाडावर पांढऱ्या फुलांनी बहरतात आणि त्यातल्या एका वाणाला ‘जानकी अम्माल’ हेच नाव आहे.

१९५१ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्यांना परत बोलावलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण नव्यानं उभं करायचं होतं आणि १९५२ मध्ये त्या कामासाठी त्यांची विशेष अधिकारी म्हणून नेमणूक झाली. या पुनर्रचनेच्या काळातच, १९५५ मध्ये, सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात निघालं. ते आजही आहे. आयुष्याच्या या टप्प्यावर त्या हिमालयातल्या झाडांची मोजणी करत होत्या. ईशान्येकडच्या थंड आणि ओल्या डोंगरांत गुणसूत्रांचे संच वाढलेली झाडं जास्त, वायव्येकडच्या थंड पण कोरड्या डोंगरांत कमी, असं त्यांना दिसलं. ईशान्येकडे नव्या जाती जास्त निपजतात, त्याच्याशी त्यांनी याची सांगड घातली.

त्याच काळातला एक प्रसंग त्यांच्या पत्रातून कळतो. तेव्हाच्या आसामच्या एका भागात एका दुर्मीळ मॅग्नोलियाचं एकच झाड उरलं होतं. ते बघायला त्या शिलाँगहून ३७ मैल गेल्या. पोचल्या तेव्हा ते जाळून टाकलेलं होतं. धान्य पिकवण्यासाठी जंगल साफ करण्याची मोहीम देशभर चालली होती. ज्या बाईंनी पिकांच्याच गुणसूत्रांचा ग्रंथ लिहिला, त्यांनाच पिकांसाठी मोडलेलं जंगल बघावं लागलं. पिकांची रानातली भावंडं रानातच असतात. ओढ्याकाठचं काश नसतं तर को २०५ कुठून आला असता? जंगलाकडे बघण्याची त्यांची दृष्टी इथून आलेली आहे, असं मला वाटतं. १९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला ‘माणसानं पृथ्वीचा चेहरा कसा बदलला’ या विषयावर मोठी परिषद झाली, तिला बोलावलेल्या त्या एकट्या स्त्री होत्या.

पुढे काही काळ त्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. मग १९७० पासून मद्रास विद्यापीठात. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. ऐंशीच्या घरात असताना केरळातल्या सायलेंट व्हॅलीवर धरणाचं सावट आलं, तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या आणि तिथल्या झाडांची गुणसूत्रं मोजण्याचं काम हाती घेतलं. दरी वाचली. ती राष्ट्रीय उद्यान म्हणून १५ नोव्हेंबर १९८४ रोजी जाहीर झाली. जानकीबाई नऊ महिने आधीच मद्रासजवळ मदुरवॉयलला, आपल्या संशोधनाच्या जागी काम करता करता गेल्या होत्या.

मुलीनं भाषण तसंच ठेवावं, छान विषय निवडला आहे. फक्त ते एक वाक्य बदलून ‘उसाचं कूळ मोजणाऱ्या शास्त्रज्ञ’ असं करावं, आणि आजोबांना को २०५ ची गोष्ट सांगावी.

शेवटी, मोजणी कशी असते हे तिला स्वतः बघायचं असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंच्या किंवा सरांच्या देखरेखीखाली बघता येईल. कांद्याची वाळलेली मुळं खरडून टाकायची आणि तळ पाण्याला टेकेल असा तो पेल्याच्या तोंडावर ठेवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतील. सकाळी त्यांची दोन-तीन मिलिमीटरची टोकं कापायची, कारण वाढ टोकाशी असते. एक भाग ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल या मिश्रणात ती एक दिवस ठेवायची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जरा कोमट करून मऊ करायची आणि ॲसिटोकार्मिनचा रंग द्यायचा. काचपट्टीवर कव्हरस्लिपखाली ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच ठोकायचं, टिपकागद घालून अंगठ्यानं दाबायचं. अंगठा सरकवायचा नाही, सरळ खाली. पहिल्या दोन-चार पट्ट्या वाया जातील. बऱ्याच पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसतील, त्या सोडून द्यायच्या. एखादी पेशी अशी सापडेल की जिच्या मधोमध लालसर दोरे पसरलेले असतील. ती कागदावर काढून घ्यायची आणि मग चित्रावरून मोजायचं. सोळा भरली पाहिजेत. पंधरा आली तर एक दुसऱ्याखाली लपलेलं आहे, पुन्हा बघायचं.